चोवीस शब्दांची वाटणी

"पाण्यानं नाय धुतला म्याडम. नुसता ओल्या फडक्यानं पुसला," अण्णा म्हणाले.

त्यांचा सीपीयू माझ्या टेबलावर उघडा पडला होता. पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकू. मदरबोर्डवर अक्षता. पॉवर सप्लायच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या. उस्मानपुऱ्यात माझं हार्डवेअर आणि नेटवर्किंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. सीपीयूत पाली पाहिल्या, झुरळं पाहिली, एकदा उंदराची पिल्लंसुद्धा निघाली होती. पण इतकी साग्रसंगीत पूजा झालेलं मशीन पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगते, मला हसू आवरेना.

"खंडेनवमीला ट्रॅक्टर पुजला, पाण्याची मोटार पुजली," अण्णा सांगत होते. "हे बी कमावतं यंत्रच की. ह्याला कामून सोडायचं?"

"अहो, पण आतून पुसायचं?"

"देवाला वरवरचं चालतं व्हय?"

दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी बटण दाबलं, आतून फट्‌ असा आवाज आला आणि धूर निघाला. पॉवर सप्लाय जळाला आणि जाताजाता हार्ड डिस्कलाही घेऊन गेला. मी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. ढिम्म.

माझ्यासमोर तिघे भाऊ बसले होते. अण्णा थोरले, साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी, कमी बोलणारे. नाना मधले, सगळ्यांच्या वाटचं तेच बोलणार. बापू धाकटा, वाळूजला एका कंपनीत सीएनसी मशीनवर. बिडकीनच्या बाजूला यांची शेती. त्यातली बरीच जमीन कारखान्यांसाठी गेली आणि हातात पैसा आला. बापूला कॉम्प्युटरची आवड. त्यानं दोघा भावांच्या डोक्यात क्रिप्टोकरन्सी भरवली आणि गेल्या वर्षी मी ती त्यांना बसवून दिली होती.

कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही घ्याल आणि परवा मला फोन कराल. एवढंच सांगते की ती ओपन सोर्स आहे. म्हणजे तिचा सगळा प्रोग्राम उघड्यावर आहे, कुणीही वाचावा, कुणीही चूक काढावी. तिला मालक नाही, ऑफिस नाही. जगभर हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर एकच वही असते. कुणी कुणाला किती दिले ते त्या वहीत लिहिलं जातं. दर काही मिनिटांनी नव्या व्यवहारांचं एक पान चिकटतं, त्याला ब्लॉक म्हणतात. एकदा चिकटलं की ते खोडता येत नाही. आपल्याच घरात ही पूर्ण वही ठेवली तर त्या कॉम्प्युटरला नोड म्हणतात. बापूला नोडच पाहिजे होता. बिडकीनच्या इंटरनेटवर ती वही उतरायला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी अण्णा मला फोन करून विचारायचे, "म्याडम, किती टक्के?"

"डिस्क गेली म्हणजे समदं गेलं?" नानांनी विचारलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"अजिबात नाही!" मी टेबलावर हात आपटला. हे सांगताना मला नेहमी मजा येते. "तुमच्या डिस्कवर पैसे नव्हतेच. पैसे वहीत आहेत, आणि वही जगभर आहे. तुमच्याकडं होती फक्त चावी. आणि चावी कशातून बनते? चोवीस शब्दांतून. मी कागदावर लिहून घ्यायला लावले होते ना? ते चोवीस शब्द, त्याच क्रमानं, कुठल्याही मशीनवर टाका. पाच मिनिटांत सगळं जिथल्या तिथं. आणा तो कागद."

तिघांनी खिशात हात घातले. तिघांनी एकेक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

मी एकदा कागदांकडं बघितलं, एकदा भावांकडं.

"हे काय?"

"वाटणी," अण्णा म्हणाले.

"कसली वाटणी?"

"तुमीच म्हनलात ना, एकाच्याच हाती ठेवू नगा म्हनून. मग केली वाटणी."

बोंबला! मी तसं म्हणाले होते हे खरं. माझा अर्थ होता की दोन प्रती काढा, एक घरात ठेवा, एक दुसरीकडं. त्यांनी शब्दच वाटून घेतले होते. तेही शेत वाटतात तसे. शेताची वाटणी करताना एकाला सगळी काळी जमीन आणि दुसऱ्याला सगळी मुरमाड असं करत नाहीत, प्रत्येक तुकड्यातून प्रत्येकाला एकेक पट्टी देतात. तशी ही वाटणी. पहिला शब्द पहिल्या कागदावर, दुसरा दुसऱ्यावर, असं एकेक करत. अण्णा बोट दाखवायचे, बापू लिहायचा. आणि मूळ कागद?

"जाळला," बापू म्हणाला. "तुमीच म्हनलात, कुनाला दिसू देऊ नका."

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण मी खचणारी बाई नाही. उलट मला चेव चढला. मी शब्द मोजले. एका कागदावर सहा. दुसऱ्यावर सहा. तिसऱ्यावर सहा.

"अठरा," मी म्हणाले. "उरलेले सहा?"

नाना पंख्याकडं बघायला लागले. बापूनं मोबाईल काढला. अण्णा टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "आक्काकडं."

आक्का म्हणजे यांची बहीण. अण्णांपेक्षाही मोठी. बजाजनगरला कामगारांची खानावळ चालवते. दोन वर्षांपूर्वी जमिनीचं ठरलं तेव्हा तिनं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावांना सोडून देणं. आपल्याकडं सर्रास करतात. बहिणीला विचारतात असं म्हणायचं, प्रत्यक्षात पेन हातात देतात. त्या दिवसापासून आक्का नानांशी बोलत नव्हती.

"मग तिला कागद कसा दिला?" मी विचारलं.

"माहेरपणाला आली व्हती, समोरच बसली व्हती," नाना म्हणाले. "म्हनलं देऊन टाका एक. कागूदच तर हाय, काय जातंय! आमाला वाटलं, ते फ्रीजबरोबर वॉरंटी कार्ड येतं ना, तसं काय तरी असंल." मग पुढं झुकून हळूच म्हणाले, "म्याडम, एक सांगतो. ते सहा शब्द तुमी तुमच्या डोक्यानं टाका की. इंग्रजीच तर हायेत."

"नाना, हे शब्द दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या एका यादीतून येतात. सहा जागा आहेत. प्रत्येक जागी दोन हजार अठ्ठेचाळीसपैकी कुठलाही. माझ्या दुकानातली सगळी मशीनं जोडली तरी तुमच्या पणतवंडांची लग्नं होतील, शब्द सापडणार नाहीत."

"मग हेडआफिसला अर्ज करू."

"हेडऑफिस नाही."

"कस्टमर केअर?"

"नाही."

"ओटीपी?"

"नाही!"

"मग हे कसलं सरकारमान्य!" नाना उखडले. "तक्रार कुठं करायची मान्सानं?"

"बजाजनगरला," मी म्हणाले आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. एरवी मी गिऱ्हाइकांच्या घरगुती भानगडीत पडत नाही. पण ही बाई मला बघायचीच होती.

अण्णांच्या जीपमधून निघालो. सगळ्या वाटेत नाना एकटेच बोलत होते. आक्काला काय सांगायचं, काय नाही सांगायचं, याची तयारी चालली होती. ठरलं असं की 'जुना कागद बदलून नवा द्यायचाय' म्हणायचं. मला हे पटलं नाही, पण मी म्हटलं, बघू या.

खानावळीत पोचलो तेव्हा शिफ्टची पोरं जेवत होती. पत्र्याचं शेड, सहा लांब टेबलं, आणि एका कडेला मोठ्या तव्यासमोर आक्का. पासष्टीची बाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी भाकरी थापत होती. भावांना बघून तिचे हात थांबले नाहीत.

"या," ती म्हणाली. "तिघं एकदम आलाय म्हंजे काम मोठं दिसतंय. पयलं पोरांचं जेवण हू द्या. अण्णा, लसूण सोल. बाप्या, पाणी वाढ. ह्या कोन?"

"कॉम्प्युटरवाल्या म्याडम," बापू म्हणाला.

"बसा म्याडम. भाकरी खाणार?" मी हो म्हणाले. नानांना तिनं काहीच सांगितलं नाही. ते दोन मिनिटं तसेच उभे राहिले, मग आपणच वरणाची बादली उचलून वाढायला लागले. पोरं हसायला लागली. एकानं "काका, शेंगदाण्याची चटणी!" म्हणून आवाज दिला आणि नाना चटणी शोधायला धावले. काय सांगू तुम्हाला, माझी भाकरी घशात अडकायची वेळ आली.

पोरं गेल्यावर आक्का हात धुऊन आली आणि माझ्यासमोर बसली. नानांनी सुरुवात केली, "आक्का, तो कागूद जुना झालाय, बदलून..."

"मी म्याडमशी बोलते," आक्का म्हणाली. "म्याडम, खरं सांगा. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. पूजा, धूर, चोवीस शब्द, अठरा हजर, सहा गैरहजर. तिनं नीट ऐकून घेतलं. मग एकेक प्रश्न विचारला. वकिलानं विचारावा तसा.

"माझ्या सहा शब्दांवाचून उघडत नाय?"

"नाही."

"ह्यांच्या अठरा शब्दांनी बी नाय?"

"नाही."

"कोर्टात गेलं तर?"

"जज्जसाहेबांनी हुकूम केला तरी नाही."

"आन् कलेक्टर?"

"कलेक्टरला पण नाही."

आक्का हसायला लागली. आधी बारीक, मग गदगदून. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि तिला बघून बापू हसत होता, मी हसत होते. नाना तेवढे गंभीर. "बया बया बया!" ती डोळे पुसत म्हणाली. "त्या जमिनीत माझी एक सही घेतली की संपलं. हितं कलेक्टर आला तरी माझ्यावाचून कुलूप निघंना. लई भारी हाय हो तुमचं हे!"

मग तिनं कमरेचा बटवा सोडला. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद निघाला. नानांनी हात पुढं केला. तिनं कागद मागं घेतला.

"द्यायचा नाय. मी वाचून दाखविते. सातवी शिकलीय मी, इंग्रजी अक्षरं येतात मला."

लॅपटॉपचं इंटरनेट मी बंद केलं. असे शब्द टाकताना मशीन बाहेरच्या जगाला जोडलेलं नसावं, हा धंद्यातला पहिला नियम. चार कागद, प्रत्येकावर सहा शब्द वरून खाली. आता प्रश्न एकच होता. पहिला कागद कुणाचा? कागद एकसारखे, सगळीकडं बापूचंच अक्षर, नंबर कुठंच नाहीत. कुठला कागद कुणाला द्यायचा ते अण्णांनी ठरवलं होतं.

"अण्णा, पहिला शब्द कुणाच्या कागदावर गेला?"

अण्णा सोललेल्या लसणाकडं बघत राहिले. "ध्यानात नाय."

"त्यात काय ध्यानात ठिवायचं?" नाना म्हणाले. "थोरल्यापास्नं धाकट्यापर्यंत. अण्णा, मी, बापू. आक्काचा शेवटचा. उरलेला."

आक्काचं हसू गेलं होतं. तो 'उरलेला' शब्द मलाही झोंबला.

मी तसं टाकलं. लाल. 'अवैध' असा मेसेज आला. चोवीस शब्दांची ही मोठी सोय असते. शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा ताळा लपवलेला असतो, त्याला चेकसम म्हणतात. क्रम चुकला की ताळा जुळत नाही आणि मशीन जवळजवळ नेहमीच तिथंच सांगतं.

"अस्सं कसं?" नाना म्हणाले.

"नाना, वाटणी थोरल्यापासून करतात का कधी?" बापू मध्येच म्हणाला. "करनाऱ्यानं वाटण्या करायच्या आन् धाकट्यानं पयलं उचलायचं. तशी रीतच हाय. पयला माझा."

मी टाळीच वाजवली. खरंच की! वाटणी करणाऱ्यानं लबाडी करू नये म्हणून ही पद्धत. बापू, नाना, अण्णा. आणि शेवटी आक्का. पटापट टाकलं.

लाल.

आता मात्र नानांची पाचावर धारण बसली. "गेले का?" ते पुटपुटले. "समदे गेले का, म्याडम?"

"कुठं जातात! चार कागदांचे चोवीसच क्रम होतात. दोन झाले, बावीस राहिले. सगळे टाकून बघते. चहा मागवा."

"त्यापरीस," आक्का हळूच म्हणाली, "माझा पयला टाकून बगा."

"तुजा पयला कामून असंल?" नाना म्हणाले.

"बगू द्या की."

मी पहिल्या जागी आक्काचा कागद घेतला. पुढं बापू, नाना, अण्णा. ती एकेक अक्षर बोट ठेवून वाचत होती आणि मी टाकत होते. चोविसावा शब्द अण्णांच्या कागदावरचा शेवटचा. तो टाकला आणि एंटर दाबलं.

हिरवं!

मी खुर्चीवरून उठून ओरडले. बापूनं शिट्टी मारली. नाना मटकन बाकावर बसले आणि "जमलं, जमलं" म्हणत राहिले. नेट जोडलं, वहीशी गाठ घातली, आणि एक रुपयाही इकडचा तिकडं झालेला नव्हता.

हे सगळं शांत झाल्यावर लक्षात आलं की आक्का स्क्रीनकडं बघतच नव्हती. ती अण्णांकडं बघत होती.

"पयला मला दिलास?"

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "जमिनीत चौथी पट्टी काढली न्हाई. तवाच काढायला पायजे व्हती, पर ह्यांच्या पुढं तोंड उघडलं न्हाई मी. मग म्याडम म्हनल्या, शब्द ज्याच्याकडं, माल त्याचा. म्हनलं, हितं तरी काढू. मोठी तू. पयला तुजा."

"आन् सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर ह्यानं देऊ दिलं असतं व्हय?" अण्णांनी नानांकडं बोट केलं.

नाना काही तरी बोलणार होते, पण बापूनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. आक्काचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. मग तिनं अण्णांच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. "मेल्या! कॉम्प्युटर जळला नसता तर मला कळलं बी नसतं!" आणि आम्ही सगळे पुन्हा हसायला लागलो. ह्या वेळी नानासुद्धा. नाइलाजानं, पण हसले.

आता माझं काम उरलं होतं. ही वाटणी अशीच ठेवणं धोक्याचं. एक कागद हरवला की सगळे बुडाले. मी म्हणाले, नवीन वॉलेट करू, म्हणजे पैशाचं नवं खातं. मल्टिसिग, म्हणजे अनेक सह्यांचं. हे ह्या करन्सीच्या प्रोग्राममध्येच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. चौघांना आपापली पूर्ण चावी, आपापले चोवीस शब्द. बँकेतल्या जॉइंट खात्यासारखं. पैसे हलवायचे तर चावीनं सही करायची.

"चारपैकी तीन सह्या पुरतात असं ठेवू," मी म्हणाले. "एखाद्याची चावी हरवली तरी अडत नाही. सगळे जाणकार असंच सांगतात."

"कंच्या तिघांच्या?" आक्कानं विचारलं.

"कुठल्याही तिघांच्या."

तिनं बाकावर ओळीनं बसलेल्या तिघा भावांकडं बघितलं. मीही बघितलं.

"चार करा," आक्का म्हणाली.

चार केलं. तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे. चारपैकी एकाचे शब्द हरवले की कुणालाच काही मिळणार नाही. हे मी दोनदा समजावलं, लिहून दिलं, चौघांच्या सह्या घेतल्या. प्रत्येकाकडून चोवीस शब्द नंबर घालून दोन-दोन प्रतींत लिहून घेतले आणि दुसरी प्रत वेगळ्या गावी ठेवायला लावली. महिन्याभरानं बापूकडून कळलं की नाना एकटेच नवी साडी घेऊन खानावळीत गेले होते, थोडे पैसे काढायचे म्हणून सही मागायला. आक्कानं त्यांना जेवायला वाढलं, दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बोलली, साडी ठेवून घेतली आणि चौघं एकत्र येऊ तेव्हा बघू म्हणाली.

तेव्हापासून मी एक बदल केलाय. कुणी वॉलेट बसवायला आलं की इंटरनेटचा स्पीड, कॉम्प्युटरची रॅम, हे सगळं नंतर. आधी विचारते, बहिणी किती?